राखीव काटे

घरी बांधलेल्या विमानाच्या पॅनेलवर राखीव उपकरण कोणते बसवावे, या प्रश्नाची तयार उत्तरे बाजारात पुष्कळ मिळतात आणि त्यांतली बहुतेक ‘आणखी एक स्क्रीन घ्या’ एवढ्यावर येऊन थांबतात. माझा भाचा अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे पूर्वी टॉवेलचे यंत्रमाग चालत अशा एका शेडमध्ये, दोन आसनी विमानाचा सांगाडा उभा करतो आहे. पंख आणि शेपूट हे त्याचे काम. पॅनेलचा विषय मात्र त्याने माझ्याकडे सोपवला, कारण माझी नोकरी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेली आणि काटे, डायल, प्रेशर लाइन यांच्याशिवाय मला दुसरे फारसे काही येत नाही.

विमान घरी बांधतात हे ऐकून सोलापुरात आजही भुवया उंचावतात. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचे नाव घेतले की त्या थोड्या खाली येतात. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाबद्दल मात्र इथे प्रत्येकाला बोलायचे असते. त्या वाटेतली कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे शेडमध्ये येणारा पाहुणा आधी त्यावर अर्धा तास बोलतो आणि मगच सांगाड्याकडे पाहतो. परवानग्यांचा प्रवास हा निराळ्या लेखाचा विषय असल्याने तो इथे बाजूला ठेवतो.

आजच्या छोट्या विमानात वैमानिकासमोर एक मोठी स्क्रीन असते. पूर्वी सहा गोल डायल जे सांगत ते सगळे, म्हणजे वेग, उंची, चढ-उताराचा दर, दिशा, वळण आणि विमान किती कलले आहे ते दाखवणारे कृत्रिम क्षितिज, त्या एका काचेवर दिसते; वर नकाशा आणि इंजिनाचे आकडेही असतात. भाच्याने प्लायवूडचा नमुना पॅनेल कापला तेव्हा त्यात दोन मोठ्या स्क्रीनच्या चौकटी होत्या, एकाच कंपनीच्या, शेजारी शेजारी. “मामा, एक गेली तर दुसरी आहेच,” असे तो म्हणाला. मी त्याला एवढेच विचारले, की पहिली ज्या कारणाने जाईल त्याच कारणाने दुसरीही जाणार नाही, असे काय आहे?

हा प्रश्न बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही सुचला असता. बॉयलरच्या ड्रमला पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा असतात आणि अनुभवी फायरमन पाळी सुरू होताच दोन्ही काचा ब्लो डाऊन करून, म्हणजे त्यांतले पाणी जोरात बाहेर सोडून पाहतो, कारण जोडणीची नळी चोंदली तर काचेत पाणी तसेच उभे राहते आणि ड्रम रिकामा होत आला तरी पातळी उत्तम असल्याचे दिसत राहते. त्या दोन काचा एकाच जोडनळीवर बसवल्या तर काय होईल? नळी चोंदली की दोन्ही काचा एकमताने खोटे बोलतील आणि दोघींचे जुळते आहे म्हणून फायरमन निश्चिंत राहील. विमानाच्या पॅनेलवर मी तेवढेच शोधत होतो: दोन उपकरणे मागच्या बाजूला कुठे एकत्र येतात.

पॅनेल पुढून पाहिला तर उपकरणे स्वतंत्र दिसतात. मागे गेले की कळते, की वीज एका अल्टरनेटरकडून आणि एका बॅटरीकडून येते, ती बहुतेक वेळा एव्हिऑनिक्स (इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा) मास्टर नावाच्या एकाच स्विचमधून जाते आणि सगळ्यांच्या अर्थच्या तारा फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या पत्र्यावरच्या, एकाच बोल्टवर कसलेल्या असतात. तो मास्टर स्विच मला कधीच आवडला नाही. इंजिन सुरू करताना व्होल्टेज डळमळते, तेव्हा नाजूक उपकरणे वाचावीत म्हणून तो आला. आजची उपकरणे असली डळमळ सहज सोसतात, पण स्विचची सवय मात्र राहून गेली. एका स्विचचा संपर्क जळाला तर दोन्ही महागड्या स्क्रीन एका क्षणात काळ्या. अर्थच्या बोल्टचे तर कुणी नावच घेत नाही. तो सैल झाला तर आधी आकडे नाचू लागतात, मग उपकरणे एकेक करून वेडी होतात आणि वैमानिक दोष उपकरणांत शोधत बसतो.

विजेच्या या साखळीचा धडा मोठ्या विमानांनी फार जबर किंमत देऊन घेतला आहे. १८ जानेवारी १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून रात्री निघालेल्या युनायटेड कंपनीच्या बोइंग ७२७ विमानाचा तीनपैकी एक जनरेटर आधीपासून बंद होता. उड्डाणानंतर सगळी वीज गेली, अंधारात क्षितिज दाखवणारे काहीच उरले नाही आणि ते समुद्रात कोसळले. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या जेट विमानांना स्वतंत्र वीजपुरवठ्यावर चालणारे राखीव क्षितिज सक्तीचे झाले. आमच्या दोन आसनी विमानाला तसा नियम लावायला कुणी येणार नाही, पण कारण तेच आहे. एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. भाच्याने निवडलेल्या रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनाच्या दोन्ही इग्निशनला वीज त्याच्या स्वतःच्या कॉइलमधून मिळते, त्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहते. ज्यांच्या इंजिनाचे इंधन आणि ठिणगी दोन्ही मुख्य विजेवर चालतात, त्यांनी राखीव काट्यांचा विचार करण्याआधी राखीव विजेचा करावा.

म्हणून माझी पहिली मागणी फार स्वस्त होती: विजेशिवाय चालणारा एक वेगाचा काटा आणि एक अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा. वेगाच्या काट्यात पातळ धातूची एक पोकळ डबी असते; समोरून पिटो नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब डबीच्या आत, स्थिर हवेचा दाब डबीच्या बाहेर, आणि त्या दोहोंतल्या फरकाने डबी फुगते तसा काटा सरकतो. अल्टिमीटरमध्ये हवा काढून बंद केलेल्या डब्या असतात आणि बाहेरचा दाब कमी झाला की त्या प्रसरण पावतात. एवढेच. अल्टिमीटर घेताना मात्र दाब जुळवण्याची खिडकी असलेलाच घ्यावा, असा माझा आग्रह आहे. पॉल कोल्समन यांनी असा संवेदनशील अल्टिमीटर १९२८ मध्ये तयार केला आणि पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जिमी डूलिटल यांनी तो आणि स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज वापरून बाहेर काहीही न पाहता उड्डाणापासून उतरण्यापर्यंतची फेरी पूर्ण केली. खिडकी नसलेले स्वस्त अल्टिमीटर मिळतात. पण हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर वाचन साधारण २७ फुटांनी चुकते. पावसाळ्यात दाब १० हेक्टोपास्कलने उतरलेला असताना जुन्याच आकड्यावर बसलेला अल्टिमीटर तुम्हाला आहात त्यापेक्षा पावणेतीनशे फूट वर असल्याचे सांगेल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच असल्याने इथे शून्य जुळवून उडायचे आणि दुसऱ्या गावी उतरायचे हे तसेही जमण्यासारखे नाही.

आता बॉयलरच्या जोडनळीचा खरा भाऊ इथे भेटतो. हे दोन यांत्रिक काटे स्क्रीनच्याच पिटो आणि स्टॅटिक (स्थिर हवेचा दाब घेणाऱ्या) नळ्यांना टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडून बसवतात. वीज गेली तर ते उपयोगी. नळीच चोंदली तर स्क्रीन आणि काटा दोघेही एकाच सुरात चुकीचे सांगतील. आणि नळी चोंदणे ही आमच्याकडे काल्पनिक भीती नाही. सोलापुरात कुंभारमाशी कुठल्याही बोटभर छिद्राला सोडत नाही. इलेक्ट्रिक बोर्डाची प्लगची भोके, कुलपाची भोके, नळाचे टोक, सगळीकडे ती मातीचे घर लिंपते आणि विमानाची पिटो नळी तिला खास तिच्यासाठी बांधून दिल्यासारखी वाटत असावी. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ कोसळून १८९ माणसे गेली, तेव्हा कप्तानाच्या बाजूची पिटो नळी चोंदलेली होती आणि तपास करणाऱ्यांचा सर्वांत मोठा संशय अशाच एका माशीच्या घरट्यावर होता. विमान काही दिवस जमिनीवर उभे होते आणि नळीवर टोप्या नव्हत्या. चोंदलेल्या पिटोचा खोडसाळपणा असा, की काटा शून्यावर पडून राहत नाही. आत अडकलेली हवा तशीच राहते, वर जाताना बाहेरचा दाब उतरतो आणि वेगाचा काटा चढू लागतो. वैमानिकाला वाटते विमान फार वेगात आहे, तो नाक वर करतो आणि खरा वेग आणखी घटतो.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशातल्या एअरोपेरूच्या विमानात उलटी बाजू दिसली. धुलाईच्या वेळी स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. रात्र, खाली समुद्र आणि दोन्ही वैमानिकांची वेगाची व उंचीची वाचने एकाच कारणाने निकामी. ७० जण दगावले. तिथे उपकरणांची संख्या कमी नव्हती.

“मग दुसरी पिटो नळी बसवू या का?” भाच्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. माझे मत नाही असे पडले. दिवसा, स्वच्छ हवेत उडणाऱ्या छोट्या विमानाला दुसरी नळी म्हणजे आणखी सांधे, आणखी गळतीच्या जागा आणि कुंभारमाशीला आणखी एक भूखंड. राखीव उपकरण जोडताना मुख्य उपकरण बिघडण्याची शक्यता आपण वाढवतो, हे जमाखर्चात धरावेच लागते. अमेरिकेतला निकष असा आहे, की स्टॅटिक लाइनमधून हवा ओढून अल्टिमीटर १००० फूट चढवावा आणि लाइन बंद करून पाहावे. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. आम्ही प्रत्येक नवा टी जोडल्यावर ही परीक्षा घ्यायची ठरवली आहे. दुसऱ्या नळीऐवजी लाल पट्टी लोंबणारी टोपी, स्टॅटिकची छिद्रे बॉडीच्या दोन्ही बाजूंना आणि कॉकपिटमधली हवा घेणारी एक पर्यायी झडप, एवढे पुरे. झडप उघडली की वेग आणि उंची दोन्ही सहसा थोडी जास्त दिसतात, कारण उडत्या विमानात आतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी असतो; किती जास्त ते स्वच्छ दिवशी मोजून कार्डावर लिहून ठेवायचे. जुने वैमानिक अशा वेळी चढ-उतार दाखवणाऱ्या डायलची काच फोडून आतली हवा नळीत घेत असत. झडप त्याहून स्वस्त पडते.

वेगाचा काटाच खोटा ठरला तर काय, याचे उत्तर पॅनेलवरच्या भोकात बसत नाही. नाक अमुक वर आणि इंजिनाचे फेरे अमुक, तर वेग अमुक, हे प्रत्येक विमानाचे ठरलेले असते. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए३३० विमानाच्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण साचले आणि वेगाची वाचने थोडा वेळ विस्कटली. नाकाचा कोन आणि इंजिनाची ताकद होती तशी धरून ठेवणे एवढेच त्या घडीला पुरले असते. तसे झाले नाही आणि २२८ जण गेले. आमच्या पॅनेलवर चढताना, सरळ उडताना आणि उतरताना अशा अवस्थांचे आकडे कोरलेली एक छोटी पितळी पट्टी असेल. माझ्या लेखी ती राखीव उपकरणच आहे.

सर्वांत जास्त वाद कृत्रिम क्षितिजावरून झाला आणि तो रास्त होता. एक पक्ष म्हणतो, की दिवसा उडणाऱ्याला क्षितिज खिडकीतून दिसते, मग राखीव क्षितिजावर पैसा कशाला? सोलापूरच्या एप्रिल-मेमधली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला हे पटणार नाही. धुरळ्याने आभाळ आणि माळरान एकाच मातकट रंगाचे होते आणि वळीव येताना क्षितिज नावाची रेघ मिनिटांत पुसली जाते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये, उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत ठेवून पाहिले, तेव्हा ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ १७८ सेकंद निघाला. कानातली तोलाची जाणीव इतक्या लवकर दगा देते.

जुन्या पद्धतीचे क्षितिज गायरोवर, म्हणजे हवेच्या झोताने भरभर फिरणाऱ्या चकतीवर, चालते. ते विजेपासून स्वतंत्र असल्याने मला आधी त्याचाच मोह पडला होता. पण त्याला हवा ओढणारा पंप लागतो, त्या पंपातल्या कार्बनच्या पट्ट्या काही न कळवता तुटतात आणि त्यानंतर गायरो मंदावत हळूहळू कलतो, म्हणजे मरताना तो काही मिनिटे चुकीचा सल्ला देत राहतो. शिवाय आमच्या धुळीत त्याचे फिल्टर आणि बेअरिंग किती टिकतील याची मला शंका आहे. आजच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक क्षितिजात फिरणारे काहीच नसते. गार्मिनचे जी५ जुन्या डायलच्याच गोल भोकात बसते आणि त्याची स्वतःची बॅटरी चार तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. डायनॉन आणि इतरांकडेही या धर्तीची उपकरणे आहेत.

ते घेण्याआधी एक प्रश्न विकणाऱ्याला विचारावा, जो मी फारसा कुणाला विचारताना पाहिलेला नाही: पिटो नळी चोंदली तर तुमचे क्षितिज काय करते? याचे कारण आत आहे. चिपमधल्या सूक्ष्म, न फिरणाऱ्या गायरोंची वाचने हळूहळू सरकतात, म्हणून उपकरण गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी ताळा करून त्यांना दुरुस्त करत राहते. पण वळणात माणसाप्रमाणे चिपलाही ‘खाली’ कुठे हे नीट कळत नाही. वळणाचा तो भाग वजा करायला काही उपकरणे हवेतला वेग वापरतात आणि काही जीपीएसचा. वेगावर अवलंबून असलेले क्षितिज नळी चोंदताच, दुसरा आधार दिलेला नसेल तर, वळणात कलू शकते. म्हणजे चोंदलेली जोडनळी आता फक्त वेगाच्या काट्याला नव्हे, क्षितिजालाही ओढून घेऊन जाते. मुख्य स्क्रीन एका कंपनीची आणि राखीव क्षितिज दुसऱ्या कंपनीचे असावे, हा माझा हट्ट यातूनच आला: हिशोबाची रीत निराळी, सॉफ्टवेअर निराळे. भाच्याला दोन वेगळ्या बटणांची सवय लावणे जड वाटते आणि त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही.

फोन किंवा टॅबलेट हे राखीव साधन मानावे का, असे शेडमध्ये येणारी तरुण मुले विचारतात. नकाशासाठी खुशाल मानावे. पण जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. विमानाला उचलून धरणारा वेग हवेतला असतो आणि वारा मागून असेल तर या दोघांतला फरक जिवावर बेततो. त्यातून पारदर्शक छताखाली मे महिन्यात टॅबलेट तापून स्वतःहून बंद पडतो, हे आम्ही जमिनीवर बसूनच पाहिले आहे. राखीव क्षितिजातल्या बॅटरीलाही हाच उन्हाळा सोसायचा आहे, म्हणून तिची तपासणी दर हिवाळ्यात आणि दर पावसाळ्याआधी मुख्य वीज बंद करून घड्याळ लावून व्हावी.

जागेचा मुद्दा मी भाच्याशी भांडून जिंकला. त्याने राखीव डायल उजवीकडे, सहप्रवाशासमोर टाकली होती, कारण डावीकडे स्क्रीन मोठी हवी होती. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो जेट मुंबईहून दुबईकडे निघाले आणि काही मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण होते. कप्तानासमोरचे क्षितिज बिघडून उजवीकडे कललेले दाखवत राहिले आणि ते खरे मानून त्याने विमान डावीकडे कलवत नेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. सहवैमानिकासमोर वेगळे क्षितिज होते आणि राखीवही होते. अंधाऱ्या समुद्रावर, त्या थोड्या सेकंदांत, नजर तिकडे गेली नाही किंवा गेली तरी विश्वास बसला नाही. म्हणून आमचे राखीव क्षितिज मोठ्या स्क्रीनच्या लगेच डावीकडे, वेगाच्या काट्याच्या खाली, डोके न वळवता दिसेल असे बसते आहे. स्क्रीन त्यासाठी एका आकाराने लहान घ्यावी लागली.

इंजिनाच्या बाबतीत मी फक्त एकाच गोष्टीचे दुबार मागितले: तेलाच्या दाबाचे. स्वतंत्र प्रेशर स्विच आणि लाल दिवा, त्याची तार थेट बॅटरीपासून. इंधनासाठी उड्डाणाआधी टाकीत खुणा केलेली काठी आणि मनगटावरचे घड्याळ. होकायंत्र तर द्रवात तरंगणारे, विजेशी संबंध नसलेले, काचेच्या मध्यावर आहेच. त्याच्याजवळ स्पीकर किंवा लोखंडी स्क्रू येऊ द्यायचा नाही.

उरले एक गोल भोक. दोन क्षितिजे एकमेकांशी भांडू लागली तर पंच कोण, या प्रश्नासाठी मला तिथे वळणाचा जुना काटा आणि त्याखाली काचेच्या नळीतला गोळा हवा आहे. काट्याचा गायरो विजेवर, पण स्वतंत्र फ्यूजवर आणि स्वतंत्र अर्थवर. पंख सपाट आहेत की नाहीत, एवढे तो आणि होकायंत्र मिळून सांगतील. भाच्याला तिथे दुसऱ्या कंपनीचे आणखी एक इलेक्ट्रॉनिक क्षितिज बसवायचे आहे, कारण बहुमत तिघांत स्पष्ट होते आणि फिरणाऱ्या गायरोचे वजन त्याला खुपते. त्याच्या मुद्द्यात दम आहे, तरी तिन्ही मतदार एकाच जातीचे असतील तर बहुमताला काय अर्थ, असे मी त्याला ऐकवले. तूर्त त्या भोकावर ॲल्युमिनियमची कोरी चकती लावली आहे आणि मागच्या बाजूला दोन्ही पर्यायांना पुरतील अशा तारा ओढून ठेवल्या आहेत.